गाड्यांना पैसे मिळाले, आता चालवणाऱ्यांचं बघा

प्रति,
पोलीस दलाच्या अंदाजपत्रकावर ज्यांच्या सह्या होतात त्या सर्वांस

विषय : सायरन लावून गाडी चालवणाऱ्या पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी दरवर्षीची स्वतंत्र तरतूद

महोदय / महोदया,

मी पोलीस चालक होतो. बावीस वर्षं गाडी चालवली आणि पुढची आठ वर्षं इतरांना चालवायला शिकवली. आता निवृत्त आहे, त्यामुळे पत्र ‘योग्य मार्गाने’ पाठवायची अट मला उरलेली नाही. हाच विषय बंद लिफाफ्यातून मी तीनदा वर पाठवला होता. तिन्ही वेळा ‘निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करण्यात येईल’ असं छापील उत्तर आलं. त्याच काळात नव्या गाड्यांच्या दोन खेपा आल्या. हार घालून, नारळ फोडून त्यांचं स्वागत झालं, फोटो छापून आले. म्हणून या वेळी लिफाफा उघडा ठेवला आहे.

माझं स्वतःचं प्रशिक्षण किती झालं ते आधी सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, रात्रपाळीला, ठाणे अंमलदारांनी विचारलं, “गाडी येते ना?” मी म्हटलं, “येते, साहेब.” त्यांनी किल्ली माझ्याकडे टाकली. एवढंच. गाडी मला येत होतीच. परवाना होता, घरची गाडी चालवून हात साफ होता. पण सायरन लावून, लाल सिग्नलमधून, कानात वायरलेस घेऊन चालवायची गाडी ही वेगळीच गोष्ट असते, हे त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही नाही.

ते मला अकराव्या महिन्यात कळलं. दोन गटांत हाणामारीचा कॉल होता. दिवा चालू, सायरन चालू. समोर मोठा चौक, सिग्नल लाल. डावीकडून येणारा एक ट्रक माझ्यासाठी थांबला. ट्रक थांबला म्हणजे रस्ता मोकळा झाला, असं मी धरून चाललो आणि गाडी घातली. ट्रकच्या पलीकडच्या लेनमधून एक टेम्पो आला. त्याला मी दिसणं शक्यच नव्हतं, मध्ये ट्रक होता. टेम्पो आमच्या गाडीच्या डाव्या बाजूवर आदळला. शेजारी बसलेल्या माझ्या सहकाऱ्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, टेम्पोवाल्याचा पाय मोडून तो दोन महिने घरी बसला. आणि हाणामारी? ती आम्ही निघालो तेव्हाच मिटली होती. पायी गस्तीवरच्या एका शिपायाने दोन्हीकडच्यांना बाजूला केलं होतं.

चौकशी झाली, व्हायलाच हवी होती. लॉगबुक भरलं होतं का, ब्रेक तपासले होते का, पट्टा लावला होता का, असे चौदा रकाने होते. चालकाला या कामाचं प्रशिक्षण दिलं होतं का, हा रकाना त्यात नव्हता. मला ठपका मिळाला आणि तो रास्त होता असं मी आजही म्हणतो. स्टिअरिंग माझ्या हातात होतं. पण तो पंधरावा रकाना माझ्या डोक्यातून गेला नाही. हे पत्र त्याच्याबद्दलच आहे.

आपल्या अंदाजपत्रकात वाहन खरेदी आहे, इंधन आहे, दुरुस्ती आहे, विमा आहे, अपघाताची नुकसानभरपाईसुद्धा आहे. प्रशिक्षणाचं शीर्षही आहे, पण त्यात कायदा, कवायत आणि नेमबाजी. चालवण्याचं शिक्षण असलंच तर ‘इतर’मध्ये, आणि पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री ‘इतर’लाच लागते. नेमबाजीला माझा विरोध नाही. पिस्तूल हातात देताना आपण माणसाला लक्ष्यावर गोळ्या झाडायला लावतो, दरवर्षी सराव घेतो, किती गोळ्या झाडल्या याचा हिशेब ठेवतो. तरी बहुतेक पोलीस निवृत्तीपर्यंत कुणावर गोळी न झाडता घरी जातात. गाडी मात्र रोज बाहेर पडते. जरा गणित करा. दोन टनांची गाडी ताशी 80 किलोमीटरने जात असेल, तर तिच्यातली ऊर्जा पिस्तुलाच्या एका गोळीच्या साधारण हजारपट असते. हजारपट ताकदीचं हत्यार, आणि त्यासाठी चौकशी एकच : “येते ना?”

“परवाना आहे की त्यांच्याकडे,” हे मी वरिष्ठांकडून इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचं उत्तर आधी देतो. परवान्याची परीक्षा माणसाला नियम पाळायला शिकवते. पोलीस चालकाला आपण तेच नियम काही वेळ बाजूला ठेवायची मुभा देतो. रस्ते वाहतुकीच्या 1968 सालच्या व्हिएन्ना करारात सायरन लावून जाणाऱ्या तातडीच्या वाहनांसाठी कलम 34 आहे. देशाचा कायदा त्यांना सवलत देऊ शकतो, पण इशारा देऊन आणि इतरांना धोक्यात न घालता. सवलतीचं वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलं. ‘धोक्यात न घालता’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे शिकवल्याशिवाय येत नाही, आणि शिकवायला पैसे लागतात.

चौकाचंच घ्या. तातडीच्या गाडीच्या वाटेतली सगळ्यात वाईट जागा सरळ रस्ता नव्हे, चौक. आपला सायरन आपल्याला इतका मोठा ऐकू येतो की तो साऱ्या जगाला ऐकू जातोय अशी खात्रीच पटते. प्रत्यक्षात पुढच्या गाडीच्या काचा बंद, आत गाणी चालू, कोपऱ्यावर इमारत. आवाज पोचला तरी तो कुठून येतोय हे चढत्या-उतरत्या सुराच्या सायरनवरून माणसाला चटकन उमगत नाही. म्हणून लोक दचकून भलतीकडे वळतात किंवा आहेत तिथेच ब्रेक मारतात. त्यात आपला वेग वाढला की इशारा मिळाल्यापासून आपण समोर उभे ठाकेपर्यंतचा वेळ आणखी कमी होतो. तेव्हा लाल सिग्नलला गाडी जवळजवळ थांबवायची. एकेक लेन म्हणजे एकेक चौक समजायचा. थांबलेल्या प्रत्येक मोठ्या गाडीच्या पलीकडे कुणीतरी आहेच असं धरायचं. त्या लेनमधल्या चालकाची नजर आपल्यावर आली का ते बघायचं, आणि मगच पुढची लेन. चौकाजवळ सायरनचा सूर बदलायचा, कारण एकसुरी आवाजाला कान लवकर सरावतो. आणि मागून आपलीच दुसरी गाडी येत असेल तर दुप्पट सावध. लोक पहिल्या गाडीला वाट देतात, ती गेली की ‘गेली एकदाची’ म्हणून रस्त्यात उतरतात आणि दुसरीच्या पुढ्यात येतात. एकामागे एक धावणाऱ्या दोन गाड्यांत दुसरी जास्त धोक्यात असते, हे वर्गात सांगितलं की जुने चालकसुद्धा गप्प होतात. प्रत्येकाला आपली एखादी थोडक्यात हुकलेली आठवण असते.

यातलं काहीच अवघड नाही. सायकल चालवण्याइतकंच सोपं आहे, आणि सायकलीसारखंच ते नुसतं ऐकून येत नाही. कुणीतरी शेजारी बसून, पन्नास चौक पार करवून, एकावन्नाव्या चौकात “इथे काय चुकलं?” असं विचारावं लागतं. शेजारी बसणाऱ्या त्या माणसाचा पगार म्हणजे आमची मागणी.

दुसरी गोष्ट वेगाची. वर्गात मी पहिल्या दिवशी एक प्रश्न टाकायचो. एक गाडी ताशी 60 ने येतेय, समोर अडथळा दिसला, चालकाला ब्रेकवर पाय ठेवायला दीड सेकंद लागला आणि गाडी अडथळ्याला टेकण्याआधी जेमतेम थांबली. कोरडा रस्ता, चांगले टायर. आता तीच गाडी, तोच चालक, तोच अडथळा, फक्त वेग 80. अडथळ्यापाशी पोचेल तेव्हा तिचा वेग किती असेल? बहुतेक जण म्हणायचे 20. कुणी धीट असला तर 30. उत्तर येतं साधारण 65. फळ्यावर मांडून दाखवल्याशिवाय कुणाचा विश्वास बसायचा नाही. 60 वाली गाडी थांबायला सुमारे 45 मीटर घेते, त्यातले 25 दीड सेकंदाच्या विचारातच जातात. 80 वालीचे विचारातच 33 मीटर जातात, ब्रेकसाठी उरतात जेमतेम 12. वेग वीसने वाढवला आणि जिथे थांबायचं होतं तिथे आपण पासष्टने आदळलो.

आणि मिळवलं काय? पाच किलोमीटर अंतर सरासरी 50 ने सहा मिनिटांत होतं, 60 ने पाच मिनिटांत. एक मिनिट. शहरात सरासरी दहाने वाढवायची तर मधल्या मोकळ्या तुकड्यांत नव्वदीला पोचावं लागतं, कारण चौक, वळणं, गर्दी यात गेलेला वेळ कुठेतरी भरून काढायचा असतो. कधीकधी ते एक मिनिट खरंच लाखमोलाचं असतं, कुणाचा श्वास अडकलेला असतो. पुष्कळदा नसतं. कुठल्या कॉलला ते मिनिट विकत घ्यायचं आणि कुठल्या कॉलला नाही, हे ठरवणं हाच या शिक्षणाचा गाभा आहे. ब्रेक, स्टिअरिंग, वळणं हे सगळं त्याच्यामागून येतं.

पाठलागात हे ठरवणंच पहिलं सुटतं. ब्रिटिश पोलीस प्रशिक्षक त्याला ‘रेड मिस्ट’ म्हणतात, लाल धुकं. पुढची गाडी पळतेय, वायरलेसवर आवाज चढलाय, छातीत ठोके वाढलेत. नळीतून पाहिल्यासारखं फक्त पुढच्या गाडीचे मागचे दिवे दिसतात. कडेचा माणूस दिसत नाही, वेगाचा काटा दिसत नाही, शेजारचा सहकारी काय बोलतोय ते ऐकू येत नाही. मी स्वतः त्या धुक्यात जाऊन आलो आहे, म्हणून सांगतो : त्या क्षणी माणसाला आपण उत्तम गाडी चालवतोय असंच वाटत असतं. यावर एक साधा उतारा आहे. चालवताना मोठ्याने बोलायचं. “पुढे शाळा, डावीकडे दुचाकी, वळणापलीकडचं दिसत नाही, वेग कमी करतोय.” क्रिकेटच्या धावत्या समालोचनासारखं. तोंड बोलत राहिलं की डोळे हिंडत राहतात, आणि ज्या क्षणी बोलणं तुटतं त्या क्षणी शेजारच्याने ओळखायचं की हा धुक्यात शिरला. सुरुवातीला सगळे लाजतात, हसतात. तिसऱ्या दिवसापासून कुणी हसत नाही.

शेजारचा म्हणालो, पण आता पुष्कळ ठिकाणी शेजारी कुणी नसतो. मनुष्यबळ कमी म्हणून एकच पोलीस गाडीत असतो. तोच चालवतो, तोच वायरलेसला उत्तर देतो, तोच डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर पत्ता वाचतो आणि फोन वाजला तर तोही घेतो. सामान्य नागरिकाने चालवताना फोन धरला तर आपण दंड करतो. इथे आपणच चार यंत्रं समोर बसवून देतो आणि वर म्हणतो, लवकर पोच. स्क्रीन कधी बघायची, पत्ता कंट्रोलकडून तोंडी कसा मागायचा, आणि “आत्ता बोलू शकत नाही” हे कंट्रोलला न घाबरता कसं सांगायचं, हेही शिकवावं लागतं. त्यासाठी कंट्रोल रूममधल्या लोकांनाही एखाद-दोन दिवस या वर्गात बसवायला हवं. मी दोनदा बसवलं होतं. त्यातली एक महिला कर्मचारी गाडीतून फेरी मारून उतरताना म्हणाली, “आम्ही दर वीस सेकंदांनी ‘कुठे पोचलात’ विचारतो, ते बंद करायला पाहिजे.” इतका स्वस्त सुधार मी पूर्ण नोकरीत दुसरा पाहिला नाही.

हे सगळं काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. लंडन पोलिसांनी 1930च्या दशकात हेंडनला चालकांची शाळा काढली. गाड्या नव्या होत्या, अपघात फार होत होते. तिथे सल्लागार म्हणून त्यांनी लॉर्ड कॉटनहॅम नावाच्या शर्यतपटूला बोलावलं. गंमत बघा, आणला शर्यतीतला माणूस, आणि त्या शाळेच्या परंपरेतून जगभर गेलं ते वेगाचं वेड नव्हतं, एक क्रम होता. आधी माहिती घ्या, मग गाडीची जागा ठरवा, मग वेग, मग गिअर, आणि अगदी शेवटी अॅक्सिलरेटर. वेगाला पाचात तिसरं स्थान आणि पाय दाबण्याला शेवटचं. नव्वद वर्षं होत आली तरी ब्रिटनमध्ये पोलीस चालक याच क्रमाने तयार होतो, आणि तातडीच्या कॉलला जाणाऱ्याचं शिक्षण तिथे तासांत नव्हे, आठवड्यांत मोजतात.

आपल्याला माणसांपेक्षा कागदाची भाषा लवकर पटते, असं मी म्हणणार नाही. पण वित्त विभागाला पटते. तेव्हा दोन कायदे सांगतो. ब्रिटनने 2022 साली पोलीस चालकांसाठी बेफिकीर आणि धोकादायक चालवण्याची कसोटी बदलली. आधी त्यांच्या चालवण्याची तुलना सामान्य सावध चालकाशी व्हायची, आणि त्या मापाने सिग्नल तोडणारा प्रत्येक पोलीस गुन्हेगारच ठरतो. आता तुलना होते ती तेच ठरावीक प्रशिक्षण घेतलेल्या सक्षम आणि सावध पोलीस शिपायाशी. म्हणजे कायद्याने पोलिसाला ढाल दिली, पण ती प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राला बांधून दिली. दुसरा कायदा कॅलिफोर्नियाचा. तिथल्या वाहन संहितेच्या कलम 17004.7 नुसार, पळणाऱ्या संशयिताच्या गाडीने कुणाला इजा केली तर पोलीस यंत्रणेला नुकसानभरपाईच्या दाव्यापासून संरक्षण मिळू शकतं. अट अशी की यंत्रणेकडे पाठलागाचं लेखी धोरण असलं पाहिजे आणि त्याचं प्रशिक्षण दरवर्षी दिलेलं असलं पाहिजे. दोन्हीकडे कायदा एकच विचारतो : शिकवलं होतं का? तोच माझा पंधरावा रकाना.

आता एक गोष्ट माझ्याच बाजूच्या लोकांना अवघड वाटेल, पण सांगतो. प्रत्येक प्रशिक्षण चांगलंच असतं असं नाही. नॉर्वेने 1979 मध्ये नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचा वर्ग सक्तीचा केला. हेतू उत्तम होता. पुढे तपासलं तर तरुण मुलांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. कारण सरळ आहे. घसरलेली गाडी आपण सावरू शकतो असं एकदा वाटलं की माणूस घसरेल अशा वेगाने जायला लागतो. म्हणून, साहेब, निधी मागायला कुणी आला आणि त्याने तुम्हाला धूर काढत गरगर फिरणाऱ्या गाड्यांचा व्हिडिओ दाखवला, तर जरा थांबा. ते बघायला झकास असतं, भेट देणाऱ्या पाहुण्यांना आवडतं, आणि त्यातून दहा चालकांमागे एखादा शर्यतवीर तयार होतो. निसरडा ट्रॅक असावा, पण तिथे शिकायचं ते गाडी किती सहज हाताबाहेर जाते हे, आपण किती वाघ आहोत हे नव्हे. प्रशिक्षक चांगला की वाईट, हे नेमकं इथेच कळतं.

मग पैसे कशाला हवेत? सगळ्यात आधी माणसांना. पूर्णवेळ प्रशिक्षक, स्वतः अनेक वर्षं चालवलेले, आणि शिकवायला शिकवलेले. उत्तम चालक उत्तम शिक्षक असतोच असं नाही. माझी पहिली दोन वर्षं त्याचा पुरावा आहेत. त्यानंतर वेळ. चालक वर्गात आला की त्याच्या जागी पाळीला कुणीतरी उभं राहायला हवं. या बदली माणसाची तरतूद नसते, म्हणून ठाण्याचे अधिकारी पोरांना सोडत नाहीत आणि प्रशिक्षण कागदावर ‘पूर्ण’ होतं. माझ्या अनुभवात वर्ग बुडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच होतं. पैसे नाहीत म्हणून नाही, माणूस सुटत नाही म्हणून. त्या बदलीचा खर्च प्रशिक्षणाच्याच शीर्षात धरा, नाहीतर बाकी सगळं व्यर्थ आहे.

जागेला फार पैसे लागत नाहीत. वापरात नसलेली धावपट्टी, सुट्टीच्या दिवशी रिकामं मोठं पार्किंग, डांबर चांगलं असलेलं मैदान चालतं. नारिंगी कोन आणि खडू. गाड्या मात्र त्याच हव्यात ज्या पोरं रोज चालवतात. वर्गात छोटी जुनी गाडी आणि रस्त्यावर उंच, जड एसयूव्ही, असं केलं की हात चुकीचं शिकतात. उंच गाडी वळणात वेगळी झुकते. विजेवर चालणारी गाडी अॅक्सिलरेटरला पाय लावताच पुढे उसळते, आणि बॅटरीमुळे तिचं वजनही जास्त असतं. नवी गाडी देताना किल्लीबरोबर दोन दिवसांचं शिक्षण जोडलेलंच असावं, खरेदीच्या करारातच. सिम्युलेटर, म्हणजे पडद्यासमोर बसून गाडी चालवायचं यंत्र, घ्या असं कुणी म्हणेल. घ्या, चौकातला निर्णय हजारदा चुकवायला तो चांगला आहे, तिथे कुणी मरत नाही. पण सिम्युलेटर घेतला आणि प्रशिक्षक घेतला नाही, तर वर्षभरात त्याच्यावर कापड टाकलेलं दिसेल. असं कापड मी पाहिलेलं आहे.

आणि टायर. हसू नका. ब्रेकचा सराव म्हणजे टायर झिजणं. एका वर्षी आमचं अर्धं वेळापत्रक टायर संपले म्हणून रद्द झालं होतं, आणि दुरुस्ती शाखेचं म्हणणं होतं की प्रशिक्षणात टायर ‘वाया’ जातात.

एकदा शिकवून भागत नाही, हेही सांगायला हवं. हात विसरतात, त्याहून लवकर डोकं विसरतं. काही महिने अपघाताशिवाय गेले की चौकात थांबणं हळूहळू ‘जरा हळू होणं’ बनतं आणि मग तेही जातं. म्हणून उजळणी दरवर्षी हवी, आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा. नापास झालेल्याची सायरनची परवानगी काढून घ्यायची, नोकरी नाही. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, नाहीतर परीक्षक कुणालाच नापास करणार नाहीत. कुणाच्या पोटावर पाय द्यायला कुणाला आवडतं?

उजळणीत गाडी मागे घेण्याचा तास नक्की ठेवा. पोलीस गाड्यांचे कितीतरी छोटे अपघात मागे घेताना होतात. खांब, भिंत, साहेबांची गाडी. पाठलागाच्या गोष्टी सांगताना हा विषय कुणी काढत नाही, पण दुरुस्तीच्या बिलात तो दर महिन्याला असतो. तुमचा पहिला परतावा तिथूनच दिसेल.

मी आतापर्यंत रस्त्यावरच्या नागरिकांबद्दल बोललो, पण गाडीत बसलेलाही कुणाचा तरी मुलगा असतो, मुलगी असते. अमेरिकेत अनेक वर्षं अशी गेली की कामावर मेलेल्या पोलिसांत गोळीने मेलेल्यांपेक्षा रस्त्यावर मेलेले अधिक होते. तिथे प्रशिक्षकांनीच ‘बिलो 100’ नावाची मोहीम काढली, वर्षाला मरणाऱ्या पोलिसांची संख्या शंभराखाली आणण्यासाठी. त्यांची सूत्रं पाच : पट्टा लावा, चिलखती जाकीट घाला, वेगाकडे लक्ष ठेवा, आत्ता काय महत्त्वाचं ते ओळखा, आणि गाफीलपणा जीव घेतो हे विसरू नका. पाचातली दोन सरळ गाडीबद्दल आहेत, आणि पट्टा तर अगदी पहिला. आमच्यातले कितीतरी जण ‘पटकन उतरता यावं’ म्हणून पट्टा लावत नाहीत. दुसऱ्याला पट्ट्याचा दंड करतात आणि स्वतः मोकळे बसतात. यासाठी निधी लागत नाही, नुसता वरिष्ठांनी स्वतः लावला तरी पुष्कळ आहे.

झोपेसाठी मात्र लागतो. सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्याइतका मंद होतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. बंदोबस्त संपवून, जागरण करून आलेल्याला आपण ‘जरा गाडी घेऊन जा’ म्हणतो. प्यालेल्याला आपण किल्ली दिली असती का? पाळ्यांचा विषय या पत्राच्या बाहेरचा आहे हे मला माहीत आहे, तरी लिहिलं, कारण झोपलेल्या डोक्याला मी कितीही शिकवलं तरी काही उतरत नाही.

“प्रशिक्षणाने अपघात कमी होतात हे सिद्ध करून दाखवा,” असं मला एका बैठकीत विचारलं होतं. प्रश्न योग्य होता. उत्तर देता आलं नाही, कारण आमच्याकडे नोंदीच धड नव्हत्या. कुठला अपघात सायरन चालू असताना झाला, चौकात की वळणावर, चालकाने शेवटचं प्रशिक्षण कधी घेतलं होतं, कॉल खरंच तातडीचा होता का, यातलं काही लिहिलेलं नसायचं. आता गाडीतलं यंत्र वेग आणि ब्रेक नोंदवू शकतं. ते बसवा, पण एक विनंती आहे : पहिलं वर्षभर त्या नोंदी शिकवायला वापरा, शिक्षा करायला नको. ज्या दिवशी पहिला ठपका त्या यंत्रावरून निघेल, त्या दिवशी यंत्रं ‘नादुरुस्त’ व्हायला लागतील. पोलीस मीही होतो.

आणि एक. लेखी धोरणाशिवाय शिकवलेलं पाण्यात जातं. पाठलाग कधी सुरू करायचा, कुणाच्या परवानगीने, कधी सोडायचा, हे चालकाच्या गाडीत नाही, वरच्या टेबलावर ठरायला हवं. वर्गात मी सांगायचो, “नंबर मिळाला, चेहरा दिसला, गुन्हा किरकोळ आहे, तर सोडा, उद्या घरून उचलू.” बाहेर गेल्यावर त्याच पोराला कुणीतरी विचारायचं, “सोडलास? घाबरलास काय?” या एका प्रश्नाने माझा आठवड्याचा वर्ग पुसला जायचा. पाठलाग सोडणाऱ्याला जाब विचारला जाणार नाही, असं एक ओळीचं परिपत्रक काढायला एक पैसाही लागत नाही.

तर मागणी अशी. पुढच्या अंदाजपत्रकात ‘तातडीचे वाहनचालन प्रशिक्षण’ असं स्वतःचं शीर्ष, ‘इतर’मध्ये नाही. त्यात प्रशिक्षकांचे पगार, वर्गात गेलेल्याच्या जागी येणाऱ्याचा खर्च, इंधन, टायर. वाहन खरेदीचा एक ठरलेला हिस्सा दरवर्षी आपोआप इकडे वळावा, म्हणजे जितक्या गाड्या वाढतील तितकी शिकवण वाढेल. प्रमाणपत्र नसलेल्याने सायरन लावू नये. आणि अपघाताच्या चौकशीच्या नमुन्यात तो पंधरावा रकाना छापावा.

सगळ्यांना एकाच वर्षी शिकवता येणार नाही, हे मलाही कळतं. रात्रपाळीच्या चालकांपासून सुरुवात करा, त्यांच्या वाट्याला मोकळे रस्ते आणि जड डोळे दोन्ही येतात. पहिल्या तुकडीचे पहिले आठ दिवस मी येऊन घेईन. मानधन नको, जेवणाची सोयही नको. टायरचे पैसे तेवढे आधीच मंजूर करून ठेवा.

आपला,
एक निवृत्त पोलीस चालक व प्रशिक्षक